धागा: स्वस्त मोटारीच्या स्वप्नातून जन्मलेला टेकू – मॅकफर्सन स्ट्रटचा इतिहास

१/
लाखभर किलोमीटर धावलेली मोटार गॅरेजमध्ये नेली की एक वाक्य हमखास कानी पडते : “पुढचे दोन्ही शॉकअप गेले आहेत. जोडीनेच बदलावे लागतील, वरचे माउंटही घ्या, आणि नंतर अलाइनमेंट करून घ्या.” मालक चकित होतो. तेल एकाच बाजूने गळत असताना दोन कशाला? शॉकअप बदलल्यावर चाकांची दिशा पुन्हा का जुळवायची? या प्रश्नांची उत्तरे यंत्रशास्त्रात आहेतच. परंतु त्याआधी ती इतिहासात आहेत. १९४० च्या दशकात डेट्रॉइटमध्ये एका अभियंत्याने पैसे वाचवण्यासाठी घेतलेल्या निर्णयाचा परिणाम आपण आजही भोगतो आणि उपभोगतोही. आजचा धागा त्या निर्णयाविषयी.

२/
प्रथम एक शब्दभ्रम दूर करू. ज्याला आपण ‘शॉकॲब्सॉर्बर’ म्हणतो तो धक्का शोषत नाही. धक्का झेलते ती स्प्रिंग. खड्ड्यात चाक आपटले की स्प्रिंग दबते, ऊर्जा साठवते आणि लगेच परत करते. ती परत केलेली ऊर्जा कोणी थोपवली नाही, तर गाडी झोपाळ्यासारखी हलत राहील. त्या हेलकाव्यांना आवर घालणे हे शॉकॲब्सॉर्बरचे खरे काम. म्हणूनच इंग्लंडमध्ये त्याला ‘डँपर’ म्हणण्याचा प्रघात आहे. स्प्रिंग आणि डँपर ही दोन वेगळी कामे आहेत, एवढे ध्यानात ठेवले तर पुढचा सारा इतिहास सोपा होतो.

३/
घोडागाडीच्या काळात दोन्ही कामे एकाच वस्तूकडे होती : पोलादी पाटे. १८०४ च्या सुमारास लंडनच्या ओबाडाया इलियट याने लंबवर्तुळाकार पाट्यांच्या स्प्रिंगचे पेटंट घेतले आणि बग्गीचा प्रवास सुसह्य झाला. एकावर एक रचलेले पाटे वाकताना परस्परांवर घासतात. त्या घर्षणातच हेलकावे बऱ्याच अंशी जिरतात. घोड्याच्या वेगाला तेवढे पुरेसे होते. आपल्याकडचा टांगा आणि आजही रस्त्यावर दिसणारा मालट्रक हे याच परंपरेचे वारस. मोटारीचा वेग वाढला तेव्हा मात्र पाट्यांचे घर्षण अपुरे पडू लागले.

४/
विसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रान्समध्ये त्रुफो याने घर्षणावर चालणारा स्वतंत्र डँपर सिद्ध केला. अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्ड याने त्याचा व्यापार वाढवला. कात्रीसारख्या दोन भुजा, त्यांच्या सांध्यात घट्ट आवळलेल्या चकत्या आणि मधोमध कसण्यासाठी एक नट, अशी ती रचना होती. तिच्यात एक मूलभूत उणीव राहिली. कोरडे घर्षण हालचाल सुरू होतानाच सर्वाधिक असते. त्यामुळे बारीक खडीवर गाडी ताठर वाटे, आणि मोठ्या खड्ड्यात, जिथे विरोध वाढायला हवा, तिथे तो वाढत नसे. म्हणजे गरजेच्या नेमके उलटे.

५/
उपाय तेलात सापडला. तेल दाबले जात नाही. त्याला बारीक छिद्रातून जावे लागले की ते विरोध करते, आणि ढकलण्याचा वेग जितका अधिक तितका विरोधही अधिक. हळू हालचालीला मऊ, जलद हालचालीला कठोर : जे हवे तेच. फ्रान्सच्या मोरिस हूदाय याने तेलावर चालणारे फिरत्या भुजेचे डँपर प्रचारात आणले. पुढे नळीत सरकणाऱ्या दट्ट्याचे, म्हणजे दुर्बिणीसारखे आत-बाहेर होणारे डँपर आले. खड्ड्याची ऊर्जा तेलाच्या उष्णतेत बदलते आणि नळीच्या बाहेरील हवेत निघून जाते. आजच्या गाडीतही तत्त्व तेच आहे.

६/
मात्र डँपर सुधारला तरी चाके जोडणारा सरळ आस तसाच होता. दोन्ही पुढची चाके एका दांड्यावर. एक उचलले की दुसरे कलणार. १९२० च्या दशकात पुढच्या चाकांना ब्रेक आले, टायर रुंद व मऊ झाले, वेग वाढला आणि पुढची चाके ठरावीक वेगाला थरथरू लागली. स्टिअरिंग हातात नाचू लागे. इटलीत विंचेन्झो लान्चियाने १९२२ मध्ये सादर केलेल्या ‘लाम्ब्दा’ गाडीत पुढची दोन्ही चाके स्वतंत्र केली. प्रत्येक चाक उभ्या नळीत वर-खाली सरकत असे. चाकाला उभ्या खांबाने धरण्याची ही कल्पना लक्षात ठेवा. ती पुढे परत येणार आहे.

७/
अमेरिकेत या विषयाला शास्त्राचे रूप दिले मोरिस ओली याने. मूळचा ब्रिटिश आणि रोल्स-रॉइसमध्ये तयार झालेला हा अभियंता १९३० मध्ये कॅडिलॅककडे आला. त्याने मोठ्या लिमोझिनवर हलवता येणारी वजने बसवून प्रयोग केले. तोवर पुढची स्प्रिंग कडक आणि मागची मऊ अशी रीत होती, आणि प्रवासी पुढे-मागे डोलत. ओलीने दाखवले की हे प्रमाण उलटवावे. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, क्षणभराने मागच्या. मागची बाजू थोडी जलद हेलकावली तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी डोलण्याऐवजी सपाटपणे वर-खाली होते. पण पुढच्या स्प्रिंगा मऊ करायच्या तर सरळ आस चालेना.

८/
म्हणून १९३४ च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत पुढची चाके स्वतंत्र झाली. या रचनांच्या नंतर रूढ झालेल्या रूपात चाकाला वरून एक आणि खालून एक अशा दोन आडव्या भुजा धरतात, मध्ये स्प्रिंग आणि शेजारी डँपर. चाल उत्तम, पण भाग पुष्कळ, सांधे पुष्कळ, वजन आणि खर्चही पुष्कळ. मोठ्या गाडीला ते परवडे. ज्याला लहान आणि स्वस्त गाडी बनवायची होती त्याच्यापुढे मात्र हा प्रश्न उभाच होता. तो प्रश्न ज्याच्या वाट्याला आला त्याचे नाव अर्ल मॅकफर्सन.

९/
अर्ल स्टील मॅकफर्सन याचा जन्म १८९१ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झाला. इलिनॉय विद्यापीठातून अभियंता होऊन त्याने अनेक मोटार कंपन्यांत उमेदवारी केली आणि १९३४ मध्ये तो जनरल मोटर्समध्ये दाखल झाला. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा मंदीची धास्ती होती. पहिल्या महायुद्धानंतर ती आलीही होती. लोकांना स्वस्त गाडी लागेल या अंदाजाने शेवरलेने लहान गाडीचा प्रकल्प हाती घेतला आणि १९४५ मध्ये त्याची धुरा मॅकफर्सनकडे आली. गाडीचे नाव ‘कॅडेट’. किमतीचे लक्ष्य : १,००० डॉलरच्या आत.

१०/
मॅकफर्सनने चाकाभोवतीच्या प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारला असावा, असे त्याच्या रचनेवरून दिसते : तुझे काम दुसरा कोणी करू शकेल काय? वरची आडवी भुजा त्याने काढूनच टाकली. तिच्या जागी डँपरलाच जाड, लांब आणि मजबूत केले, त्याचे वरचे टोक थेट गाडीच्या सांगाड्याला जोडले, स्प्रिंग त्याच्याच अंगावर बसवली आणि खालचे टोक चाकाच्या गाभ्याला घट्ट बांधले. खाली उरली एकच भुजा. ज्या भागाने केवळ हेलकावे आवरायचे, तो आता चाकाला उभा धरणारा खांब झाला.

११/
‘स्ट्रट’ हा शब्दही मुळात बांधकामातला. दाब सोसणारा टेकू, आपल्याकडे कलत्या भिंतीला देतात तो धिरा, तसा त्याचा अर्थ. विमानाच्या पंखांमधील उभ्या दांड्यांना आणि चाकांच्या पायांनाही तोच शब्द होता. धक्का सोसणारे तेलाचे पाय विमानांत आधीच आले होते. उभ्या सरकत्या खांबाची कल्पना एकट्या मॅकफर्सनची नव्हे. १९२० च्या दशकात फियाटच्या ग्विदो फोर्नाका याने तशाच धर्तीची रचना मांडली होती. मॅकफर्सनचे श्रेय असे की स्वस्त मोटारीच्या हिशेबात ही कल्पना त्याने नेमकी आणि पूर्णपणे बसवली.

१२/
आता इतिहासाची गंमत पाहा. मंदी आलीच नाही. युद्धकाळात मोटारींवाचून राहिलेले ग्राहक मोठ्या गाड्यांसाठी रांगा लावून उभे होते. पोलादाची टंचाई होती. मिळेल त्या पोलादातून अधिक नफ्याची मोठी गाडी बनवणे कंपनीला फायद्याचे होते. १९४७ मध्ये ‘कॅडेट’ गुंडाळण्यात आली. त्याच वर्षी जनरल मोटर्सच्या वतीने या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज गेला आणि त्याच वर्षी मॅकफर्सनने कंपनी सोडून प्रतिस्पर्धी फोर्डची वाट धरली. फोर्डसाठी त्याने रचनेचे सुधारित रूप सिद्ध केले. त्याचा अर्ज १९४९ चा. दोन्ही पेटंटे १९५३ मध्ये मंजूर झाली.

१३/
या रचनेची पहिली गाडी कोणती, हा इतिहासप्रेमींसाठी सावधगिरीचा धडा आहे. अनेक याद्यांत फ्रान्समधील ‘फोर्ड वेदेत’चे नाव पहिले म्हणून येते आणि एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरत जाते, पण त्या दाव्याला अभ्यासकांचे आक्षेप आहेत. निर्विवाद उत्तर आहे ते ब्रिटनमधील फोर्डच्या ‘कॉन्सल’ व ‘झेफिर’ या १९५० मध्ये सादर झालेल्या गाड्यांचे. त्यांच्यात पुढे मॅकफर्सन स्ट्रट होते आणि त्या मोठ्या संख्येने विकल्या गेल्या. शोधाचे ‘पहिलेपण’ ठरवताना यादी पाहू नये, वस्तू पाहावी.

१४/
या गाड्यांना स्ट्रट शोभला याचेही कारण आहे. जुन्या गाड्यांत जड पोलादी चौकट आणि तिच्यावर ठेवलेली बॉडी असे दोन थर असत. ‘कॉन्सल’ची बॉडी एकसंध होती, तीच सांगाडा. स्ट्रटचे वरचे टोक अडकवायला चाकाच्या वर उंच आणि भक्कम जागा लागते, ती या बॉडीने दिली. बॉनेट उघडल्यावर इंजिनाच्या दोन्ही बाजूंना जे गोल घुमट आणि त्यावर तीन-चार नट दिसतात, तीच ही जागा. खाली, गाडी वळणावर कलू नये म्हणून जो आडवा दांडा असतो, त्यालाच मॅकफर्सनने खालच्या भुजेचा जोडीदार केले. इथेही एक भाग वाचला.

१५/
मॅकफर्सन १९५२ मध्ये फोर्डचा मुख्य अभियंता झाला, १९५८ मध्ये निवृत्त झाला आणि १९६० मध्ये त्याचे निधन झाले. त्याच्या रचनेचे खरे युग मात्र नंतर आले. लहान गाड्यांचे इंजिन आडवे बसू लागले आणि पुढची चाके ओढू लागली, तेव्हा बॉनेटखाली जागेची चणचण झाली. वरची भुजा नसलेला स्ट्रट तिथे वरदान ठरला. १९७४ च्या फोक्सवॅगन ‘गोल्फ’सारख्या गाड्यांनी हा साचा घरोघरी नेला. ज्या कंपनीने ‘कॅडेट’ मोडीत काढली, तिच्याही लहान गाड्या पुढे याच स्ट्रटवर उभ्या राहिल्या.

१६/
आपल्याकडे काय स्थिती होती? ‘ॲम्बॅसडर’ ही ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डची वारस. तिच्या पुढच्या चाकांना गुंडाळीची स्प्रिंग नव्हतीच. पोलादी दांडा पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करी, आणि सुरुवातीच्या गाड्यांत डँपर फिरत्या भुजेचे होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे ‘पद्मिनी’ बाहेर पडली. तिच्या पुढच्या चाकांना वर-खाली दोन भुजा होत्या, मागे पाटे. या दोन्ही गाड्यांत डँपर हा स्वतंत्र भाग. चाकाला धरण्याची जबाबदारी त्याच्यावर नव्हती.

१७/
याचा परिणाम व्यवहारात दिसे. डँपर मेला तरी चाक आपल्या जागी राही. गाडी डोलत डोलत चालत राही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या ‘पद्मिनी’ टॅक्सीत बसलेल्यांना तो झोपाळा आठवत असेल. या टॅक्सींचा अध्याय ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, जेव्हा नोंदणीची २० वर्षे पूर्ण झालेली अखेरची ‘पद्मिनी’ टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. डँपरचा भारतीय उद्योगही मुंबईचाच : गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ मध्ये स्थापन झाली आणि मुलुंडला तिचा कारखाना उभा राहिला. ‘गॅब्रिएल’ हे नाव मेकॅनिक मंडळींच्या तोंडी रुळले ते तेव्हापासून.

१८/
१४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या ‘मारुती ८००’ ची किल्ली ग्राहकाला देण्यात आली. या प्रसंगाचे छायाचित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या गाडीच्या पुढच्या दोन चाकांवर मॅकफर्सन स्ट्रट होते, याची दखल मात्र क्वचित घेतली जाते. सामान्य अमेरिकन कुटुंबाला परवडावी म्हणून आखलेली आणि कधीच न विकली गेलेली ‘कॅडेट’. आणि सामान्य भारतीय कुटुंबाला परवडावी म्हणून आलेली, घरोघरी पोहोचलेली ‘८००’. दोघींच्या दरम्यान ३६ वर्षे आणि अर्धी पृथ्वी आहे. हिशेब मात्र एकच.

१९/
या बदलाबरोबर गॅरेजचे शास्त्रही पालटले. स्वतंत्र डँपर बदलणे हे बोल्ट काढण्याघालण्याचे काम. स्ट्रटवर मात्र दबलेली स्प्रिंग बसलेली असते, आणि तिच्यात शेकडो किलोंचा जोर कोंडलेला असतो. वरच्या टोकाचा मधला नट स्प्रिंगला कंप्रेसरने आवळल्याशिवाय सैल केला, तर स्प्रिंग व माउंट तोफेच्या गोळ्यासारखे उडतात. या चुकीने माणसे गंभीर जखमी झाली आहेत. घरच्या घरी दुरुस्ती करणाऱ्या उत्साही मित्रांनी हे विसरू नये. घुमटावरचे कडेचे नट वेगळे, मधला नट वेगळा. आणि योग्य कंप्रेसर नसेल तर ते काम जाणत्याकडेच द्यावे.

२०/
आता धाग्याच्या आरंभीच्या प्रश्नांकडे वळू. स्ट्रट झिजतो म्हणजे काय होते? ब्रेक मारताना व वळताना आडवा जोर त्याच्या दांड्यावर येतो. स्वतंत्र डँपरला हा जोर सोसावा लागत नाही. दांडा ज्या कड्यातून सरकतो ते कडे झिजते, सील फाटते, तेल बाहेर येते, धूळ आत जाते. हा आडवा जोर कमी व्हावा म्हणून अभियंते स्प्रिंग दांड्याच्या रेषेपासून किंचित तिरकी बसवतात. तरीही झीज टळत नाही. आतील झडपाही हळूहळू सैलावतात. हे इतक्या मंद गतीने होते की रोज गाडी चालवणाऱ्याला त्याची सवय होऊन जाते आणि बदल कळतच नाही.

२१/
म्हणून लक्षणे शोधावी लागतात. ब्रेक मारताना नाक अधिक झुकते. गतिरोधकानंतर गाडी एकदा न हलता दोन-तीनदा हलते. नळीवर ओलसर, धूळ चिकटलेले तेल दिसते. खड्ड्यात खडखड येते. टायरच्या घेरावर ठरावीक अंतराने खळगे पडतात. स्टिअरिंग वळवताना स्प्रिंग अडकून ‘टण’ असा आवाज आला तर वरच्या माउंटमधील बेअरिंगवर संशय घ्यावा. बॉनेट दाबून सोडण्याची जुनी परीक्षा ठार मेलेला डँपर दाखवते. अर्धमेला दाखवेलच असे नाही. ८० हजार ते १ लाख किलोमीटरच्या टप्प्यावर तपासणी करून घ्यावी ती यासाठी. आपल्याकडील रस्ते पाहता त्याआधीही.

२२/
जोडीने का? एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला स्ट्रट असेल तर दोन चाके एकाच खड्ड्याला वेगवेगळे उत्तर देतात; जोरात ब्रेक लागला किंवा अचानक वळावे लागले तर गाडी एका बाजूला वेगळी वागते. अलाइनमेंट का? कारण स्ट्रट चाकाला धरतो. अनेक गाड्यांत तो चाकाच्या गाभ्याला दोन बोल्टांनी जोडलेला असतो आणि तिथल्या किंचित फरकाने चाकाचा कल बदलतो. जुन्या बोल्टची खूण करून ठेवावी, तरी मोजणी करावीच. माउंट का? कारण ते काढण्यासाठी पुन्हा तेवढाच खटाटोप. आणि वय त्याचेही तेवढेच झालेले असते. मेकॅनिकचे ते वाक्य सर्वस्वी निरर्थक नव्हते!

२३/
दुरुस्तीच्या इतिहासाचेही टप्पे आहेत. फिरत्या भुजेच्या डँपरला तेल भरण्याचे बूच असे. कमी झाले की ओता. सुरुवातीचे बरेच स्ट्रट वरचे मोठे नट सोडून उघडता येत. सील बदलावे, तेल भरावे. मग तयार काडतूस आले : जुनी नळी ठेवून आतला डँपर अख्खा बदला. मग नळीच कायमची बंद झाली. आणि आता काही बाजारपेठांत स्प्रिंग व माउंटसह जुळवलेला संपूर्ण स्ट्रट मिळतो. कंप्रेसरचा धोका टळतो. पण मधल्या पिढ्यांनी कमावलेले दुरुस्तीचे ज्ञानही त्याबरोबर अनावश्यक ठरते.

२४/
आपल्याकडे बंद नळी उघडून, नवे सील बसवून, तेल भरून देणारे कारागीर आजही आहेत. त्यांच्या हातातली कला खरी आहे, ती कमी लेखू नये. परंतु सील नवे झाले म्हणून घासलेला दांडा किंवा सैलावलेली झडप नवी होत नाही, आणि आत गॅस भरलेला असेल तर नळी उघडणे धोक्याचेही. तेलात हवा मिसळून फेस झाला की डँपर दुबळा पडतो. ही अडचण दूर करण्यासाठी फ्रान्सच्या द कार्बोन याने तेल व दाबयुक्त गॅस वेगळे ठेवणारी नळी १९५० च्या दशकात प्रचारात आणली. स्वतंत्र डँपरच्या बाबतीत जुगाड केवळ आरामाशी खेळतो. स्ट्रटच्या बाबतीत तो चाकाच्या पकडीशी खेळतो.

२५/
इथेच या इतिहासाचे सार आहे. मॅकफर्सनने तीन भागांची कामे एकाकडे दिली आणि गाडी स्वस्त झाली. त्या बचतीचा लाभ पहिल्या मालकापासून सर्वांना मिळतो. पण एका भागावर तीन कामे असली की त्याच्या झिजण्याने तिन्ही बिघडतात, आणि त्याचे बिल बहुधा जुनी गाडी घेणाऱ्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हाती येते. बऱ्याचदा तोच मालक खिशाने सर्वांत तंग असतो. म्हणून बदलणे लांबणीवर पडते, टायर खराब होतात, ओल्या रस्त्यावर थांबण्याचे अंतर वाढते. स्वस्ताईचा खर्च नाहीसा होत नाही. तो काळात पुढे सरकतो.

२६/
ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात असा आग्रह धरला आहे की तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ शोधांचा नसावा. वापराचा, देखभालीचा आणि दुरुस्तीचाही असावा. स्ट्रट हे त्याचे चोख उदाहरण. पेटंटच्या तारखा एका पानावर मावतात. पण १९५० पासून आजवर जगभरच्या गॅरेजांत जे कोट्यवधी स्ट्रट काढले-घातले गेले, त्या श्रमावाचून ते पेटंट कागदावरच राहिले असते. त्या श्रमाची बखर अद्याप कोणी लिहिलेली नाही. आपल्यापैकी कोणी लिहील काय?

२७/
एक सोपा अभ्यास सुचवतो. घरच्या गाडीचे बॉनेट उघडा, दोन्ही बाजूंचे घुमट शोधा आणि चाक वळवून आतली नळी पाहा : कोरडी आहे की ओली? मग परिसरातील जुन्या मेकॅनिककाकांना विचारा की ‘फियाट’ची आणि ‘मारुती’ची पुढची बाजू पहिल्यांदा उघडली तेव्हा त्यांना कोणता फरक जाणवला. उत्तर लिहून ठेवा, त्यांच्या परवानगीने आवाज नोंदवा. काळ्या-पिवळ्या ‘पद्मिनी’ गेल्या. त्यांना जिवंत ठेवणारे हात अजून आपल्यात आहेत. काय ऐकायला मिळाले ते या धाग्याखाली अवश्य लिहा. धागा समाप्त.